शेवटचा गुण कोणी केला?

फिजिओथेरपिस्टला लोक कधी डॉक्टर समजतात, कधी मालिशवाला, तर कधी व्यायाम शिकवणारा मास्तर. आयर्लंडमधल्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघाने मला हे तिन्ही समजून वागवलं आणि वर चिखलातून पाण्याच्या बाटल्या पळवत न्यायचं कामही दिलं. आज पोर्टलीशमध्ये माझं छोटं क्लिनिक आहे. गुडघे, खांदे, पाठी यांच्यात दिवस जातो. बरे होऊन गेलेल्या पेशंटांच्या गोष्टी माझ्याकडे पुष्कळ आहेत आणि त्या सांगायला मला आवडतात. पण दिवाळी अंकासाठी काहीतरी लिही म्हटल्यावर माझ्या डोक्यात आला तो एकच मोसम, आणि त्यात आम्ही फक्त हरत होतो.

ही मंदीच्या काळातली गोष्ट आहे. माझी बायको मुग्धा हिला दक्षिण किनाऱ्यावरच्या रिंगास्किडीतल्या एका औषध कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही या देशात आलो. ती तिथल्या प्रयोगशाळेत औषधांची तपासणी करायची. मला मात्र नोकरी मिळेना. हॉस्पिटलांत भरती बंद होती. शेवटी मिडलँड्समधल्या, म्हणजे देशाच्या मध्यभागातल्या, एका गावात अर्धवेळ काम मिळालं, म्हणून मी तिकडे खोली घेतली आणि आम्ही नवरा-बायको फक्त शनिवार-रविवारी भेटू लागलो. त्याच गावातल्या कॉलेजला संघासाठी फिजिओ हवा होता. मी कोल्हापूरचा, पेठेच्या संघात खेळलेला. खरं म्हणजे बाकावर बसलेला, पण फुटबॉल म्हटल्यावर माझी छाती आपोआप फुगते. मी लगेच हो म्हणालो.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. एका मुलाने चेंडू सरळ हातात घेतला आणि पळत सुटला. मी कडेवरून ‘हँड! हँड!’ म्हणून ओरडलो. सगळं मैदान थांबून माझ्याकडे बघायला लागलं. इथला फुटबॉल आपला फुटबॉल नव्हे. पंधरा-पंधरा जण खेळतात, चेंडू हातात घेऊन धावता येतं, फक्त मधूनमधून तो आपटावा किंवा पायाला लावावा लागतो. गोलचे खांब वरपर्यंत गेलेले असतात. आडव्या दांडीखालून जाळ्यात मारलात तर तीन गुण, दांडीवरून मारलात तर एक. आणि धक्काबुक्की म्हणाल, तर आमच्या पेठेतल्या मारामाऱ्या त्यापुढे हळदीकुंकू वाटाव्यात.

“डॉक, हात चालतात इथे,” गोलरक्षक बॉस्को लांबून ओरडला. “फक्त आमचे चालत नाहीत.”

“मी डॉक्टर नाही,” मी म्हणालो.

“काही हरकत नाही. आम्हीपण फुटबॉलपटू नाही.”

तेव्हापासून मी डॉक. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असलं, तरी त्या पोरांचं माझ्याशी बोलणं मला नेहमी ‘तू’ असंच ऐकू यायचं. मी मात्र त्यांच्या मॅनेजरला, शेमसला, शेवटपर्यंत ‘सर’ म्हणत राहिलो. ते कॉलेजात बांधकाम शिकवायचे. देशातली बांधकामं बंद पडली होती, त्यांच्या वर्गातली बाकं रिकामी होत होती, आणि संघातली बहुतेक मुलं त्याच वर्गातली. दर दोन-तीन आठवड्यांनी एखादा खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांशी हात मिळवायचा आणि ऑस्ट्रेलियाला नाहीतर कॅनडाला निघून जायचा. नाताळनंतर तर कधी पंधरा जण जमतील की नाही अशी अवस्था. पुढच्या वर्षी संघच नसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे करंडक वगैरे कोणाच्या मनातही नव्हता. जायच्या आधी एक सामना जिंकायचा. एकच.

हे सगळ्यात जास्त हवं होतं ते कॅहलला. कॅहल कर्णधार. उंच, लाल कानांचा, कमी बोलणारा मुलगा. फ्री किक तोच घ्यायचा. त्याचं पर्थचं तिकीट ठरलं होतं, शेवटच्या सामन्यानंतर थोड्याच दिवसांत. त्याचे वडील पश्चिमेकडे बसचालक होते. पाळ्यांमुळे त्यांना सामन्याला यायला जमायचं नाही, पण प्रत्येक सामन्यानंतर त्यांचा फोन यायचा. कॅहल भिंतीकडे तोंड करून बोलायचा. ‘नाही डॅड, आजपण नाही,’ एवढंच आम्हाला ऐकू यायचं.

माझ्या कामाबद्दल थोडं सांगतो. आम्हाला शिकवलेलं असतं की पेशंटला विचारा, शून्य ते दहामध्ये वेदना किती? भारतात माणसं दहा सांगून वर ‘आणि रात्री तर विचारूच नका’ म्हणायची. इथे घोटा वांग्यासारखा सुजलेला मुलगाही ‘ग्रँड’ म्हणतो, म्हणजे एकदम ठीक. म्हणून मी विचारणं कमी केलं आणि बघणं वाढवलं. मिनीबस थांबली की मी आधी उतरून दारापाशी उभा राहायचो. खेळाडू तोंडाने काहीही सांगो, पायऱ्या उतरताना त्याचा पाय खरं बोलतो. कोणाची मांडी धरली आहे, कोणाचा गुडघा कुरकुरतोय, मला तिथेच कळायचं. बॉस्कोचा तर धडधाकट घोटा मला दर वेळी पट्टीने बांधावा लागे. एका सामन्यात तो बांधलेला होता आणि आम्ही थोडक्यात हरलो होतो, म्हणून तो शुभ.

पाय खरं बोलतो, पण डोकं बोलत नाही. डोक्याला मार बसला की खेळाडूच्या मेंदूला हादरा बसलाय का, हे मैदानावरच पटकन ठरवायचं असतं. त्यासाठी काही ठरलेले प्रश्न आहेत. आपण कुठे आहोत? पूर्वार्ध चालू आहे की उत्तरार्ध? शेवटचा गुण कोणी केला? मागचा सामना जिंकलात का? स्वतःचं नाव हादरलेला माणूसही बरोबर सांगतो, म्हणून ताज्या गोष्टी विचारायच्या. जगभर हे प्रश्न विचारतात. मला ते झोपेतही म्हणता येत.

ऑक्टोबरात एका सामन्यात ओवेन नावाच्या आमच्या मधल्या फळीतल्या मुलाचं डोकं दुसऱ्याच्या खांद्यावर आदळलं. मी धावत गेलो. तो उठून बसला होता.

“कुठे आहोत आपण?”

“चिखलात.”

“पूर्वार्ध की उत्तरार्ध?”

“कुठलाही असो, लांबलाय फार.”

“शेवटचा गुण कोणी केला?”

“त्यांनी.”

“मागचा सामना जिंकलात का?”

“डॉक,” ओवेन म्हणाला, “जखमेवर मीठ चोळायला पळत आलास काय?”

आजूबाजूची मुलं हसली. मीही हसलो. एक उत्तर बरोबर होतं, बाकीचे विनोद होते, आणि जो विनोद करतोय तो शुद्धीवर आहे असं मी धरून चाललो. ओवेन शेवटपर्यंत खेळला. परतताना मिनीबसमध्ये तो माझ्या शेजारी येऊन बसला, खिडकीबाहेर बघत राहिला आणि मग अगदी सहज म्हणाला, “आज कोणाशी आहे रे मॅच?”

मी बस तशीच हॉस्पिटलकडे वळवायला लावली. ओवेनचं पुढे सगळं नीट झालं, काही आठवडे विश्रांती घेऊन तो परत खेळायलाही लागला. पण मला त्या दिवशी घास गेला नाही. मुग्धाला फोन केला. तिला सगळं सांगितलं, प्रश्नांसकट.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अरे, पण तुमचा संघ कायम हरतो ना?”

“हो. म्हणून काय?”

“मग ‘मागचा सामना जिंकलात का’ याचं उत्तर द्यायला आठवण कशाला लागते? शेवटचा गुण कोणी केला, तर त्यांनीच केला असणार. आमच्या लॅबमध्ये जी टेस्ट आलेल्या प्रत्येक बॅचला पास करते, ती आम्ही टेस्ट म्हणतच नाही.”

हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ते प्रश्न कधीतरी जिंकणाऱ्या संघांसाठी केलेले होते. मी कायम हरणाऱ्या संघाचा माणूस, माझ्या हे लक्षात यायला हवं होतं. एका मुलाच्या मेंदूशी मी खेळलो, तेही हसत हसत, याची टोचणी मला आजही आहे. त्या दिवसापासून मी प्रश्न बदलले. बसमध्ये शेजारी कोण होतं, सकाळी काय खाल्लंस, असे काहीतरी विचारायचो. आणि विनोदाला उत्तर मानणं बंद केलं. ‘डॉकला आता काही गंमतच वाटत नाही,’ अशी माझ्याबद्दल तक्रार सुरू झाली. आता तर नियमच झालाय की शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढायचं. तेव्हा तो फिजिओचा आणि मॅनेजरचा आपापसातला मामला असायचा.

शेवटचा सामना फेब्रुवारीत आमच्याच मैदानावर होता. पंधरा जण जेमतेम जमले होते, बाकावर राखीव म्हणून एकटा ओवेन. समोरचा संघ काही फार मोठा नव्हता. त्यांचीही मुलं विमानात बसून गेलेली असणार. पाऊस नव्हता, वारा आमच्या बाजूने होता आणि बॉस्कोचा घोटा मी नेहमीपेक्षा घट्ट बांधला होता. आम्ही चक्क चांगलं खेळत होतो. उत्तरार्धात बरोबरी झाली, मग आम्ही एका गुणाने पुढे गेलो. मग कॅहलने लांबून फ्री किक मारली, चेंडू दांडीच्या बराच वरून गेला, आणि आम्ही दोन गुणांनी पुढे. मोसमात पहिल्यांदाच. शेमस सर गुणफलकाकडे बघतच नव्हते. “बघितलं की बदलतो तो,” म्हणाले.

त्यानंतर काही मिनिटांतच एक उंच चेंडू आला. कॅहल आणि त्यांचा एक धिप्पाड गडी एकदमच उडाले. कॅहल पाठीवर पडला आणि त्याचं डोकं जमिनीवर आपटलेलं मला कडेवरूनही दिसलं.

मी पोहोचलो तेव्हा तो एका गुडघ्यावर होता. “ग्रँड,” तो म्हणाला. बॉस्को गोल सोडून धावत आला होता.

“बसमध्ये... नाही, आज बस नव्हती. सकाळी काय खाल्लंस?”

“अंडी.” बरोबर की चूक, मला काय माहीत? मी बॉस्कोकडे पाहिलं. दोघं एकाच घरात राहायचे.

“रोज अंडीच खातो तो,” बॉस्को म्हणाला.

पुन्हा तेच. आठवण न लागणारं उत्तर. तेव्हा मला सुचलं की आज, आणि फक्त आजच, जुना प्रश्न चालेल.

“कॅहल, शेवटचा गुण कोणी केला?”

“त्यांनी,” कॅहल म्हणाला.

बॉस्कोच्या चेहऱ्यावरचं हसू जरासं लटपटलं. “सवयीने म्हणाला तो, डॉक. आम्ही सगळेच असं म्हणालो असतो.”

“तो गुण कॅहलने स्वतः केलाय.”

कॅहलने माझ्याकडे पाहिलं, मग बॉस्कोकडे, आणि मग तो हसला. “अरे, मस्करी केली. चल, हात दे.”

तो उभा राहिला. ताठ उभा राहिला, डोळे स्वच्छ होते. पंच घड्याळ बघत होते. कडेवरून शेमस सरांनी दोन्ही हात वर करून मला विचारलं, काय? ते माझ्या शब्दावर थांबले होते. मी तीन वेळा त्या मुलाच्या डोळ्यांत पाहिलं आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. तो खरंच मस्करी करत होता, की उत्तर ऐकल्यावर हसला? मी त्याला सांगून बसलो होतो की गुण त्याने केलाय, म्हणजे उत्तर मीच त्याच्या हातात दिलं होतं.

मी त्याला बाहेर काढलं.

 तो अंगावर जाकीट टाकून बाकावर माझ्याकडे पाठ करून बसला. “तो ठीक आहे हे तुला माहितीये,” बॉस्को जाताना मला म्हणाला, आणि त्याने पुढे जो शब्द वापरला तो दिवाळी अंकात छापता येणार नाही. कॅहलच्या जागी ओवेन गेला.

बाकीचं लवकर सांगतो. त्यांनी एक गुण केला, मग गोंधळात चेंडू दांडीवरून टोलवून आणखी दोन. आम्ही एका गुणाने मागे. अगदी शेवटी आम्हाला गोलच्या बरोबर समोर फ्री किक मिळाली. कॅहलने डोळे झाकून मारली असती अशी. ती दांडीवरून गेली असती तर निदान बरोबरी, आणि वेळ उरला होता, वारा आमचा होता. ओवेनने घेतली. चेंडू खांबाला लागून परत मैदानात आला.

ड्रेसिंग रूममध्ये कोणी कोणाकडे बघत नव्हतं. ओवेन डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. शेमस सर प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवत फिरत होते, माझ्यापाशी आले तेव्हा हात जरा जास्त वेळ ठेवला. मला ते सहन होईना.

तेव्हा कॅहलने मान वर केली. “जिंकलो का आपण?”

बॉस्कोने बूट फेकून मारला. “बास झाली आता तुझी मस्करी!”

बूट त्याच्या शेजारी भिंतीवर आदळला. कॅहलने बुटाकडे पाहिलं, मग आम्हा सगळ्यांकडे. “नाही, पण जिंकलो का?”

कोणी हसलं नाही. बॉस्को उठला, त्याच्यासमोर जाऊन उकिडवा बसला आणि त्याचे बूट सोडायला लागला. माझं बरोबर होतं, हे त्या क्षणी खोलीतल्या सगळ्यांना कळलं. मला त्यात कसलाही आनंद झाला नाही.

हॉस्पिटलपर्यंत मी त्याला माझ्या गाडीतून नेलं. बॉस्को मागे बसायला येत होता, पण त्याला शेमस सरांनी ओवेनपाशी थांबायला सांगितलं. गावाबाहेर पडेपर्यंत कॅहलने दोनदा विचारलं, “जिंकलो का?” आम्हाला शिकवलेलं आहे की अशा पेशंटला प्रत्येक वेळी शांतपणे आणि खरं सांगावं. मी सांगितलं, नाही, एका गुणाने हरलो. प्रत्येक वेळी त्याचा चेहरा तसाच पडायचा. त्याला प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच कळत होतं. मग तो गप्प व्हायचा, मान खिडकीला टेकवायचा, आणि थोड्या वेळाने पुन्हा वळायचा. “डॉक, जिंकलो का?”

एका सिग्नलला गाडी उभी होती. त्याने पुन्हा विचारलं, आणि मी म्हणालो, “हो. जिंकलो.”

का म्हणालो, याचं कारण मी देत नाही, कारण ते मला अजून सापडलेलं नाही. पण ते ऐकून त्या मुलाच्या चेहऱ्याचं काय झालं ते मी पाहिलं. मग तो म्हणाला, “डॅडला फोन कर. आत्ता कर.” त्याने मला नंबर सांगितला. तो त्याला बरोबर आठवत होता. मी फोन बाहेर काढला आणि हातात धरून तसाच बसलो. कॅहल थोड्या वेळात विसरणार होता. त्याचे वडील विसरणार नव्हते. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी फोन खिशात ठेवला आणि निघालो. पुढच्या वळणावर त्याने पुन्हा विचारलं. मी खरं सांगितलं. त्या खऱ्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा कॅहल उशीला टेकून चहा पीत होता. तपासण्या चांगल्या आल्या होत्या. हॉस्पिटलने कळवल्यामुळे वडील पहाटेच निघून आले होते. बसचालकाचाच निळा स्वेटर, मोठे हात. त्यांनी उठून माझा हात दोन्ही हातांत घेतला. मी काही फार मोठं केलंय असं त्यांना वाटत होतं. मला बसवेना.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. फ्री किक, ओवेन, खांब. तू असतास तर बहुतेक जिंकलो असतो, हेही सांगितलं. आणि मग सिग्नलपाशी खोटं बोललो ते सांगितलं, फोन बाहेर काढला आणि केला नाही तेही.

कॅहलने कप बाजूला ठेवला.

“म्हणजे मला सांगितलंस की जिंकलो.”

“हो.”

“आणि मी खूश झालो?”

“खूप.”

“च्यायला,” कॅहल म्हणाला, निदान मला ते तसंच ऐकू आलं. “आणि मला त्यातलं काहीच आठवत नाही.” तो हसायला लागला, मग डोकं ठणकलं म्हणून कपाळ धरून थांबला.

त्याचे वडील हसले नाहीत. त्यांनी भिंतीशी असलेली दुसरी खुर्ची ओढली आणि माझ्या मागे आणून ठेवली.

“पण तू पाहिलंस ना त्याला?” त्यांनी विचारलं.

“पाहिलं.”

“मग बस,” ते म्हणाले. “कसा दिसत होता, काय म्हणाला, सगळं सांग. सावकाश सांग.”